न बघणाऱ्यांची मोजणी

“काका, तुमच्याकडे दोन नंबर दिसत नाहीत,” मोजणीवाल्या कंपनीची तेजस्विनी फोनवर म्हणाली, तेव्हा दुसऱ्या कानात बोट घातलेल्या धनराजने मान वळवून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. दोन नंबर तिथंच होती. पाठमोरी, ओट्याशी, मेथी निवडत. दोन नंबर म्हणजे मीना, त्याची बायको. एक नंबर तो स्वतः. तीन नंबर म्हणजे खाटेवरचे त्याचे वडील, भिमाजी. हे नंबर कंपनीने दिलेले. शहरात लाखो घरं. त्यातल्या मोजक्या घरांत ही कंपनी टीव्हीखाली एक पेटी बसवते, आणि पेटीबरोबर एक छोटा रिमोट देते. बघायला बसलं की आपापल्या नंबरचं बटण दाबायचं, उठून गेलं की परत दाबायचं. पेटीवर तेवढे दिवे लागतात आणि विझतात. टीव्ही चालू आहे आणि कोणीच बटण दाबलेलं नाही, असं झालं की सगळे दिवे मिळून लुकलुकत राहतात, कोण बघतंय, कोण बघतंय, असं विचारल्यासारखे. “आहे की,” तो म्हणाला. “इथंच आहे.” “मग बघत नाहीत का? बरेच दिवस झाले, काका. इतके दिवस कोणी दिसलं नाही की आम्हाला विचारावं लागतं. गावाला गेल्यात का, आजारी आहेत का, की…” ‘की’च्या पुढचं तिने गिळलं. “मी दुपारी येतेच. घरात कायम राहणारी माणसं कोण कोण, ते परत लिहून घ्यायचंय.”

फोन ठेवून त्याने मीनाच्या खुर्चीकडे पाहिलं. खुर्चीवर वाळलेल्या कपड्यांचा ढीग होता. त्या ढिगातून तो रोज सकाळी आपला बनियन ओढून काढत होता, आणि ढीग कपड्यांचा आहे एवढंच त्याला दिसत होतं. खुर्चीवर ढीग आहे म्हणजे खुर्चीत माणूस नाही, हे कुणा कंपनीला मुंबईत बसून कळलं.

पट्टी : दोन नंबर स्वयंपाकघरात असल्याची सूत्रांची माहिती. एक नंबरकडून अद्याप प्रतिक्रिया नाही.

अलीकडे हे असं व्हायचं. बातम्यांचं चॅनेल दिवसभर समोर असल्यामुळे त्याच्या डोक्यातही खाली एक पट्टी सरकू लागली होती. वर काहीही चाललेलं असो, खालून ती जायची, लाल, न थांबता. पायात पेटका आला तरी पट्टीवर यायचं. तो ते कुणाला सांगत नसे. सांगण्यासारखं ते नव्हतं, आणि सांगायचं तर आवाज चढवून सांगावं लागलं असतं, कारण टीव्हीचा आवाज पूर्ण होता. तो नेहमीच पूर्ण असायचा. दादांसाठी. दादा, म्हणजे भिमाजी, हरसूलच्या डोंगरातून एकलहऱ्याला औष्णिक केंद्र उभं राहत होतं तेव्हा मजुरीला आले, आणि पुढे जन्मभर कोळशाच्या क्रशरपाशी राहिले. क्रशरने त्यांचे कान खाल्ले. आता नव्वदीच्या आसपास त्यांना माणसं ओळखू येत नव्हती, पण एक कळायचं, की समोर तोंडं हलतायत, हात नाचतायत, म्हणजे पाळी चालू आहे. रात्रीच्या, दिवसाच्या, कुठल्याही पाळीत माणसं अशीच एकमेकांवर हातवारे करत. टीव्ही बंद झाला की ते खाटेवरून अर्धे उठत आणि म्हणत, “बंद पडली का रं? कोन हाय का नाय तिकडं?” मग रडकुंडीला येत. चर्चेतली सहा तोंडं सहा चौकोनांत परत हलायला लागली की आडवे होत. म्हणून सकाळी सातला लावलेला टीव्ही ते झोपेपर्यंत चालायचा, आणि धनराज सकाळी उठल्या उठल्या त्यांचं बटण दाबून ठेवायचा. तीन नंबर. अख्ख्या राज्यात त्या चॅनेलला असा निष्ठावंत बघणारा दुसरा नसेल. आणि तो एकटा नव्हता. पेटी थोड्याच घरांत, म्हणून एकेक नंबर हजारोंच्या वतीने धरला जायचा. दादांच्या डोळ्यांआड हजारो म्हातारे उभे होते, संतापलेले, देशाची काळजी लागलेले, न कंटाळणारे. त्या म्हाताऱ्यांसाठी तो निवेदक रोज जास्त ओरडायचा. आणि दादा, ज्यांना ओरडणं ऐकूच येत नव्हतं, अधूनमधून त्याच्याकडे बघून हसायचे.

पेटी आली तेव्हा दीपमाला, धनराज-मीनाची मुलगी, घरी होती. पुण्याच्या एका कॉलेजात ती माध्यमं शिकवते. लोकशाहीत वर्तमानपत्रं काय करतात, टीव्ही काय करतो, कोण कोणाला धरून असतं, असं सगळं. तिला फार मजा वाटली. “पप्पा, आम्ही पुस्तकात वाचतो, आणि तुम्ही घरात घेऊन बसलाय! लोकांनी कसा विचार करावा हे टीव्ही सांगू शकत नाही. पण कशाचा विचार करावा, हे बरोबर सांगतो. आणि कशाचा सांगायचं ते कशावरून ठरतं? या दिव्यांवरून. म्हणजे तुमच्यावरून.” “म्हणजे आम्ही सांगतो ते टीव्ही आम्हाला सांगतो?” मीना म्हणाली. “मग मधे टीव्ही कशाला?” दीपमाला हसत सुटली. म्हणाली, आई, हा प्रश्न मी परीक्षेत घालते. धनराजला तेव्हा अभिमान वाटला होता. कशाचा ते नीट सांगता आलं नसतं, पण तो जुना अभिमान होता, एकलहऱ्याच्या केंद्रातल्या कंट्रोल रूममधला. तो तिथं पॅनेलवर बसायचा. समोर काटे. त्यातला फ्रीक्वेन्सीचा काटा सगळ्यात शहाणा. विजेच्या अख्ख्या जाळ्याची, ग्रिडची, फ्रीक्वेन्सी एकच. कुठं गुजरातेत पंप सुटले, कुठं मुंबईत दिवे लागले, की तो काटा पन्नासच्या खाली किंचित झुकायचा. संध्याकाळी मालिका सुरू झाल्या की झुकायचा. मॅचच्या शेवटच्या षटकात थरथरायचा, आणि मॅच संपून लोकांनी टीव्ही बंद केले की उडी मारून वर जायचा. लोक म्हणजे काय, हे त्याने बोटभर लांबीच्या काट्यात पाहिलं होतं. तिथं कोणी चांगलं नव्हतं, वाईट नव्हतं, कोणत्या जातीचं नव्हतं. फक्त विजेची ओढ होती. ती ओढ जेवढी, तेवढी वाफ सोडायची. एवढं सोपं होतं ते. आणि निवृत्तीनंतर कोणीतरी पेटी आणून म्हणालं होतं, आता तुम्हीच काटा व्हा.

पण काट्याकडे बघणाऱ्याला माणूस दिसत नाही. त्याला ओढ वाढली की कमी झाली एवढंच दिसतं. हे वाक्य त्याच्या डोक्यात आलं आणि त्याला ते आवडलं नाही. ते दीपमालेचं वाक्य वाटलं. त्याने तिला फोन लावला, गच्चीत जाऊन, कारण आत नीट ऐकू आलं नसतं. जेल रोडवर ऊन होतं, खाली कोणीतरी भंगार गोळा करत होतं. “अगं, आईला काही झालंय का?” पलीकडे थोडा वेळ वर्गाचा गलका. मग ती म्हणाली, “आईने तुम्हाला सांगितलं नाही अजून?” “काय?” “रविवारी मी येतेय तिला न्यायला. ती राहायला येतेय माझ्याकडे.” “किती दिवस?” “पप्पा, दिवस नाही. राहायला.” त्याने विचारलं, कशावरून, भांडण नाही, तंटा नाही. दीपमाला म्हणाली, “ती म्हणते, त्या घरात बोलायला जागा नाही.” “जागा नाही? इथं दिवसभर बोलणंच चालू असतं!” “तेच.” “काय तेच? दादांना सोडून मी कुठं—” “पप्पा, माझ्यावर ओरडू नका. मी चॅनेल नाहीये.” तो ओरडत नव्हता. त्याला वाटत होतं की तो ओरडत नाही.

पट्टी : रविवारी. रविवारी. रविवारी.

दीपमालेने फोन ठेवताना, शिक्षकांना आवरत नाही तसं, थोडं शिकवलंही. माणूस बोलायच्या आधी आजूबाजूला चाचपतो, म्हणे. आपल्यासारखं कोणी नाही असं वाटलं की गप्प बसतो. तो गप्प बसला म्हणून शेजारच्याला वाटतं, आपल्यासारखं कोणी नाही. मग तोही. असं करत करत एक दिवस सगळे गप्प असतात आणि एकच आवाज उरतो, आणि सगळ्यांना वाटतं, हा सगळ्यांचा आवाज आहे. हे देशाबद्दल असतं, ती म्हणाली. मग म्हणाली, पण घराबद्दलही असेल.

खाली यायला जिना होता आणि जिन्यात सावली होती, तिथं तो थांबला. कधीपासून? त्याने मागे मागे जाऊन पाहिलं. महापालिकेच्या मतदानाचा दिवस. त्या दिवशी ते दोघं शेजारच्या शाळेत गेले होते, दादांपाशी शेजारणीला बसवून. लग्नापासून प्रत्येक मतदानाला मीना शाळेच्या फाटकात विचारायची, “कुठलं?” आणि तो सांगायचा. त्यात काही जबरदस्ती नव्हती. मीठ किती घालायचं हे तो तिला विचारत नसे, तसंच ते होतं, असं तो धरून चालला होता. या वेळी चार मतं द्यायची होती, प्रभागातून चार नगरसेवक, म्हणून त्याने आदल्या रात्री चर्चेच्या आवाजावरून आवाज काढून तिला चारही सांगून ठेवले होते. फाटकात तिने काही विचारलं नाही. लक्षात असेल, त्याला वाटलं. तो आधी आत गेला, बाहेर आला, आणि दाराशी उभा राहून तिची वाट बघू लागला. तिला वेळ लागला. मागच्या रांगेतली एक बाई म्हणाली, “आत झोपल्या काय मावशी?” लोक हसले. तोही हसला. यंत्राची लांब शिट्टी शेवटी वाजली, आणि मीना बाहेर आली, बोटावरची शाई वाळवत. “चारही दाबली ना?” “दाबली.” एवढंच. कुठली, हे त्याने विचारलं नाही, कारण सांगितलेलीच असणार. घरी येऊन तिने भात टाकला. संध्याकाळी त्या शिरा ताणणाऱ्या निवेदकाने सहा चौकोन उघडले. धनराजने एक दाबलं, तीन दाबलेलंच होतं. दोन? त्या दिव्याचं त्याला काही आठवेना. तो काही दिव्याकडे बघत नव्हता. तो टीव्ही बघत होता.

जिन्यातच त्याला मखमलाबाद आठवलं, मीनाचं माहेर. भाजीचा मळा, कडेला शेवंती आणि झेंडू. नवा जावई म्हणून गेला तेव्हा संध्याकाळी अंगणात मेथीचा डोंगर पडलेला आणि त्याभोवती सगळं घर बसून पहाटेच्या बाजारासाठी जुड्या बांधत होतं. सासरे, मेव्हणे, त्यांच्या बायका, शेजारची भागीबाई, आणि मीना. सगळे एकाच वेळी बोलत. ग्रामपंचायतीला कोण उभा राहतोय, त्याने मागच्या वेळी पाटाचं पाणी कसं पळवलं, त्याच्या बायकोच्या पाटल्या, दूध, पोरीचं स्थळ. भागीबाई सासऱ्यांना तोंडावर म्हणाली, “तुम्हाला माणसातलं कळत नाय. तुम्ही आपले बैलातलंच बघा.” सासरे हसले, आणि वादाला लागले. मीना त्या वेळी किती बोलली होती. वडिलांचं तोडत, भावाची नक्कल करत, हात न थांबवता. कोणी कोणाचं ऐकत नाही असं त्याला वाटलं होतं आणि त्याचं डोकं दुखलं होतं. कंट्रोल रूमच्या गुणगुणीची सवय असलेला माणूस. आता जिन्यात उभं राहून त्याला कळलं, की ते सगळे ऐकत होते. बोलता बोलता ऐकत होते. नाहीतर भागीबाईला तो टोला मारता आला नसता. त्या रात्री मीनाला तो म्हणाला होता, “तुमच्याकडे फार गोंगाट असतो बुवा.” ती नव्या घरी आल्यावर हळूहळू कमी बोलू लागली. त्याला ते बरं वाटलं होतं. बाई रुळली, असं वाटलं होतं.

तो थकला. जिना उतरून दार उघडलं तेव्हा आवाज अंगावर आला.

तेजस्विनी चारच्या सुमारास आली. तिशी ओलांडलेली, हेल्मेटने कपाळावर वळ पडलेला, ओझरहून स्कूटीवर. “बाप रे, काका, आवाज!” ती म्हणाली. “दादांना लागतो,” धनराज म्हणाला. पाणी घेऊन मीना बाहेर आली, ग्लास तिच्या हातात दिला, आणि कपड्यांचा ढीग उचलून मांडीवर घेऊन त्याच खुर्चीत बसली. घड्या घालू लागली. टीव्हीकडे तिची पाठ नव्हती, तोंडही नव्हतं. खुर्चीच तिने तशी फिरवून घेतली होती. “त्यांना ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “कोणाला, काकू?” “मामंजींना. अजिबात नाही. वीस वर्षं झाली असतील.” तेजस्विनीने भिमाजींकडे पाहिलं, मग टीव्हीकडे, मग अगदी सहज, कागदपत्र विचारावं तशी म्हणाली, “मग आवाज कोणासाठी?”

चौकोनातला एक जण म्हणत होता की देशाला उत्तर हवंय.

धनराजला उत्तर होतं आणि ते तोंडाशी येत होतं. दादा उठतात, रडतात, घाबरतात. पण दादा घाबरत ते पडदा काळा झाला की. आवाज बंद करून पडदा चालू ठेवून त्याने कधी पाहिलंच नव्हतं. इतक्या वर्षांत एकदाही. त्याला सुचलं नव्हतं. काट्यांशी जन्म काढलेल्या माणसाला एवढं सुचलं नव्हतं, म्हणजे सुचू द्यायचं नव्हतं. आवाज खाली आला असता तर या खोलीत तो, मीना आणि त्या दोघांमधली दुपार राहिली असती.

“बरं, घरात कायम राहणारी माणसं,” तेजस्विनीने मोबाइल उघडला. “मागच्या वेळी तीन.” “दोन लिहा,” मीना म्हणाली. बनियनची घडी घालत. “हे, आणि मामंजी.” धनराज म्हणाला, “अगं—” “रविवारपासून दोन. आत्ताच लिहिलं तर बरं, नाहीतर पोरीला परत खेप पडेल.” तेजस्विनी दोघांकडे बघत राहिली. अशा घरांत तिला रोज जावं लागत असणार. ती समजुतीने म्हणाली, “काकू, तुम्ही टीव्ही बघत नाही म्हणून नाव काढायचं असेल, तर तसं काढत नाही आम्ही. बघायलाच पाहिजे असं काही नाही. तुम्ही न बघणं पण धरतात.” मीनाचे हात थांबले. “धरतात म्हणजे?” “म्हणजे मोजतात. घरात माणूस आहे, टीव्ही चालू आहे, आणि तरी ते बघत नाही. ते पण वर जातं रोज.” “माझं न बघणं वर जातं?” “हो.” “माझं एकटीचं?” “एकटीचं कसं? तुमच्यासारख्या बऱ्याच जणींचं म्हणून.” “किती जणींचं?” “ते आम्हाला पण नाही सांगत हो काकू. पण खूप.”

मीनाच्या चेहऱ्यावर जे आलं ते धनराजने मखमलाबादच्या अंगणानंतर पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला आधी ते ओळखू आलं नाही. तिला काहीतरी म्हणायचं होतं आणि ती ते म्हणायच्या आधी चाखत होती. “म्हणजे तो माणूस,” तिने हनुवटीने पडद्याकडे खूण केली, “त्याला कळणार, की हिने बटण दाबलं नाही.” “त्याला म्हणजे… आकडा कळणार.” “आकडाच कळू दे. आणि मी पुण्याला गेले, तर?” “मग तुमचं बघणं पण नाही आणि न बघणं पण नाही. नाव इथं आणि माणूस पुण्यात, असं चालत नाही. मग या घरातून आजोबा आणि काका, दोघं जेवढं बघतात तेवढंच वर जाणार.” “म्हणजे सगळं घर बघतंय असं दिसणार.” “हो, तसंच.” “कधीपर्यंत असते पेटी?” “अजून आहे काही महिने. वर्षभर पण ठेवतील.” मीनाने ढीग मांडीवरून उचलून बाजूला ठेवला. “तीन लिहा,” ती म्हणाली. “राहते मी.” हे ती तेजस्विनीकडे बघून म्हणाली.

पट्टीवर काही आलं नाही.

तेजस्विनी गेली. दारापर्यंत तो पोचवायला गेला, ती चप्पल घालताना हळूच म्हणाली, “काका, आवाज तेवढा कमी करून बघा ना,” आणि जिना उतरली. तो परत येऊन बसला. रिमोट हातात घेतला, टीव्हीचा, मोठा, आणि आवाजाचं बटण दाबून धरलं. आकडा उतरत गेला. शून्यावर आला. सहा तोंडं हलत राहिली. त्याने दादांकडे पाहिलं. भिमाजी बघत होते. एक चौकोन बोट उगारून काहीतरी म्हणत होता, त्याच्याकडे बघून ते हसले, आणि मान डोलावली, चालू दे, चालू दे, अशी. त्यांना काहीही झालं नव्हतं. त्यांच्यासाठी काहीही बदललेलं नव्हतं.

मग घराचे आवाज आले. ते त्याला ओळखीचे नव्हते. फ्रीजचा. कुठल्यातरी नळाचा. पंख्याला एक कट्कन असा आवाज होता, प्रत्येक फेऱ्याला. स्वयंपाकघरातून मीनाचं बोलणं, अगदी शेजारी बसल्यासारखं. ती दीपमालेशी फोनवर होती. “नको येऊ रविवारी. नाही गं… नाही, त्यांनी नाही थांबवलं. ते कशाला थांबवतील? काम निघालंय एक. माझं. सांगेन नंतर.” आणि मग ती हसली. थोडं, नाकातून. इतके दिवस, इतकी वर्षं, ती आत असंच बोलत आणि हसत असेल, भिंतीच्या या बाजूला काही न पोचता. आणि या बाजूचं मात्र शब्दन् शब्द तिकडे पोचत असणार. न बघणं कंपनी मोजत होती. न बघता ऐकावं लागणं कोणी मोजत नव्हतं.

ती राहणार होती. त्याला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही, पण त्या हायसं वाटण्यात तो कुठेच नव्हता. ती त्या ओरडणाऱ्या माणसासाठी राहणार होती. त्याच्याविरुद्ध, त्याच्या समोर, रोज, बटण न दाबता. धनराजला पहिल्यांदा त्या माणसाचा हेवा वाटला.

काहीतरी बोलावं, त्याला वाटलं. आता जागा होती. काय बोलावं ते ठरेना. चार मतं कुठली दिलीस, असं विचारावं का? नको. चहा? नको. नुसती हाक मारावी. त्याने हाक मारली, “मीना!”, आणि ती हाक घरभर आदळली. वर्षानुवर्षांच्या सवयीने ती सहा माणसांवरून मारलेली हाक होती. आत काहीतरी भांडं पडलं. “ओरडता कशाला?” मीना आतून म्हणाली. “इथंच आहे मी.”

त्याने घसा साफ केला. मग हळू, जितकं हळू त्याला येत होतं तितकं, पुन्हा तिचं नाव घेतलं. उत्तर आलं नाही. तिला ऐकू गेलं नाही, की ऐकू जाऊनही ती बोलली नाही, हे खुर्चीत बसून कळण्यासारखं नव्हतं. त्यासाठी उठून आत जावं लागलं असतं. तो उठला.